रयत ते नागरिक : २६ नोव्हेंबरचा अर्थ

(अभ्यास-पाठ)



दरवर्षी २६ नोव्हेंबरला आपल्या धाराशिव जिल्ह्यात गावोगावच्या विहारांत, शाळांत आणि बाबासाहेबांच्या पुतळ्यांजवळ लोक जमतात. संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते, पुष्पहार अर्पण केले जातात, भाषणे होतात. हे योग्यच आहे. परंतु ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे त्यांच्या मनात एक साधा प्रश्न असतो, आणि शाळेतील मुलेही तोच विचारतात. २६ जानेवारी आपण साजरा करतोच, मग पुन्हा २६ नोव्हेंबर कशासाठी?

प्रश्न चांगला आहे. थोडक्यात उत्तर असे की २६ जानेवारी हा गणराज्याचा दिवस आहे आणि २६ नोव्हेंबर हा नागरिकाचा दिवस आहे. हे बोलण्याच्या भरात म्हटलेले नाही. संविधानातील एका कलमाचा त्याला आधार आहे. ते कलम कोणते, आणि आपल्या जिल्ह्यातील माणसाला त्याचे मोल अधिक का वाटावे, हे आज क्रमाने पाहू.

१. दोन तारखा

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत भरली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमण्यात आली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी मसुदा सभेपुढे ठेवला. त्यानंतर एकेका कलमावर चर्चा झाली. सदस्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्यांची संख्या ७६०० च्या वर होती. त्यांपैकी २४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष सभेत मांडल्या गेल्या. शेवटी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी सभेने ३९५ कलमे आणि ८ अनुसूची असलेले संविधान स्वीकारले. २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी त्यावर सह्या केल्या आणि २६ जानेवारी १९५० पासून ते अंमलात आले.

एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. संविधानातील ३९४ वे कलम काढून वाचा. संपूर्ण संविधान २६ जानेवारीला सुरू होईल असे त्यात आहे. पण काही मोजकी कलमे मात्र ताबडतोब, म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ लाच, लागू करण्यात आली. त्यांत कलम ५ ते ९ आहेत आणि कलम ३२४ आहे. पाच ते नऊ ही कलमे या देशाचा नागरिक कोण, हे सांगतात. ३२४ वे कलम निवडणूक आयोगासंबंधी आहे.

असे का केले असावे? गणराज्य सुरू करावयाचे तर ते कोणाचे, हे आधी ठरले पाहिजे. घर बांधण्यापूर्वी घरात राहणारी माणसे कोण, हे विचारावे लागते. तसे येथे नागरिक आधी आला, मतपेटीची व्यवस्था त्याच्या बरोबर आली, आणि राष्ट्रपती, संसद, मूलभूत हक्क ही सगळी मांडणी दोन महिन्यांनी लागू झाली. उद्देशिकेच्या शेवटी जी तारीख लिहिली आहे तीसुद्धा २६ नोव्हेंबर १९४९ हीच आहे. उद्देशिकेचा आरंभ कोणा राजाच्या वा देवाच्या नावाने होत नाही, तो 'आम्ही' या शब्दाने होतो. हा 'आम्ही' म्हणजे कोण, ते त्याच दिवशी लागू झालेल्या पाच कलमांनी सांगितले.

या दिवसाला सरकारी मान्यता मिळण्यास मात्र बराच काळ लागला. १९७९ पासून वकील मंडळी हा दिवस 'कायदा दिन' म्हणून पाळीत होती. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीच्या वर्षात, २०१५ साली, केंद्र सरकारने २६ नोव्हेंबर हा 'संविधान दिन' म्हणून घोषित केला.

२. आपला जिल्हा तेव्हा कोठे होता?

आता हा इतिहास आपल्या गावाशी जोडून पाहू. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु आपला जिल्हा स्वतंत्र झाला नाही. तो हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नावच सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून पडले होते. कचेरीची भाषा उर्दू होती आणि राज्यात शेवटचा शब्द निजामाच्या फर्मानाचा असे. माणूस तेथे रयत होता. रयतेने अर्ज करावयाचा, मेहेरबानी झाली तर पदरात घ्यावयाचे, नाही झाली तर गप्प बसावयाचे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय सैन्य शिरले ते आपल्याच नळदुर्गजवळून. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरही भारतीय संविधान येथे लागू होणार की नाही, हा प्रश्न शिल्लक होता. तो २३ नोव्हेंबर १९४९ रोजी सुटला. भारताची संविधान सभा जे संविधान स्वीकारील तेच हैदराबादचेही संविधान राहील, असे निजामाने जाहीर केले. हे जाहीर झाले तेही फर्मानानेच! त्यानंतर तीन दिवसांनी संविधान स्वीकारले गेले. येथल्या माणसाला रयत या अवस्थेतून बाहेर काढणारी वाट अशी एका शेवटच्या महत्त्वाच्या फर्मानातून गेली.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. संविधान सभेत हैदराबाद संस्थानाचा प्रतिनिधी नव्हता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वतीने तेथे कोणी बोलावयास बसलेले नव्हते. तरीही त्या ग्रंथात आपल्या दुःखाचे कलम आहे, कारण मसुदा समितीच्या अध्यक्षपदी ते दुःख भोगलेला माणूस होता.

२०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. मधल्या काळात राज्येही बदलली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९८२ साली आपल्यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला. नावे बदलली, सीमा बदलल्या. या सर्व बदलांत माणसाचा दर्जा बदलणारी घटना एकच, ती म्हणजे संविधान.

३. रयत आणि नागरिक यांत फरक काय?

रयतेचे काम जन्माने ठरते, नागरिकाचे ठरत नाही. हा फरक आपल्या वाडीवस्तीला पुस्तकातून शिकावा लागत नाही. वतन म्हणजे काय, हे जुन्या माणसांना विचारा. गावाचा सांगावा पोचविणे, मेलेले जनावर ओढणे, अधिकाऱ्याचे सामान वाहणे, आणि त्या बदल्यात जमिनीचा एक तुकडा व दारोदार मागून आणलेले बलुते. वतनाला मान समजण्याची सवय आपल्याच लोकांना लागली होती. ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्यभर झगडा दिला. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला बाबासाहेब स्वतः आले होते. महार आणि मांग हे दोन समाज एका मांडवात बसले, हेही त्या काळी लहान काम नव्हते.

परिषदेनंतर नऊ वर्षांच्या आत संविधान लागू झाले. त्यातील काही कलमे प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने तोंडपाठ करावीत.

कलम १४ : कायद्यापुढे सर्व समान.

कलम १५ : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून राज्य भेदभाव करणार नाही, दुकान, उपाहारगृह, सार्वजनिक विहीर, तलाव, रस्ता यांवर सर्वांचा हक्क.

कलम १६ : सरकारी नोकरीत समान संधी.

कलम १७ : अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, ती कोणत्याही स्वरूपात पाळणे हा गुन्हा. संविधान सभेने हे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर केले.

कलम २३ : वेठबिगारीला बंदी.

कलम २५ : सदसद्विवेकबुद्धीचे, आणि आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत हा हक्क प्रत्येकाला आहे.

कलम ३२६ : प्रौढ मतदान. प्रारंभी वयाची अट २१ वर्षे होती, १९८९ पासून ती १८ वर्षे आहे.

यांपैकी शेवटचे कलम किती मोठे आहे पाहा. इंग्रजी अमलात मत कोणाला होते? ज्याच्याजवळ जमीन, कर भरण्याची ऐपत किंवा शिक्षण होते त्याला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातील सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नोंद झाली. तीत भूमिहीन होते, निरक्षर होते, स्त्रिया होत्या. जमीनदाराचे एक मत आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्या सालगड्याचेही एकच मत. रयत कधीही राज्यकर्त्याला घरी बसवू शकत नव्हती. नागरिक बसवू शकतो.

४. ही शिस्त आपल्याला परकी नाही

काही लोक म्हणतात की लोकशाही ही इंग्रजांनी दिलेली वस्तू आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, म्हणजे संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी, याला उत्तर दिले आहे. भारताला लोकशाही अपरिचित नव्हती, असे सांगून त्यांनी भिक्खू संघाचा दाखला दिला. सभेत कोणी कोठे बसावे, ठराव कसा मांडावा, गणपूर्ती किती असावी, मते कशी मोजावीत, याचे नियम संघाजवळ होते, आणि ते त्या काळच्या राजकीय सभांतून घेतलेले असावेत, असे त्यांनी सभेला सांगितले.

विनयपिटकात हे नियम आजही वाचावयास मिळतात. संघाच्या साध्या कामाला किमान चार भिक्खू लागत. उपसंपदा देण्यासाठी मध्यदेशात दहा, दूरच्या प्रदेशात पाच. प्रथम 'ञत्ति', म्हणजे प्रस्ताव, मांडावयाचा. मग कामाच्या महत्त्वाप्रमाणे तो एकदा किंवा तीनदा सभेला विचारावयाचा. ज्याला मान्य असेल त्याने मौन राखावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. मतभेद मिटला नाही तर 'सलाका', म्हणजे मताच्या काड्या, वाटून बहुमत पाहावयाचे. गणपूर्तीवाचून केलेले काम रद्द ठरे.

महापरिनिब्बान सुत्तातील वज्जींची कथा आपण विहारात ऐकली असेल. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींचे गणराज्य जिंकण्याच्या विचारात होता. त्याने आपल्या अमात्याला भगवान बुद्धांकडे पाठविले. भगवंतांनी वज्जींच्या सैन्याची गणती केली नाही. वज्जी वारंवार सभा भरवितात का, एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात का, हे त्यांनी आनंदाला विचारले. जोवर हे चालेल तोवर वज्जींची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही, असा त्याचा अर्थ.

आता आपल्या ग्रामसभेकडे वळू. १९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा भरवावी अशीही तरतूद आहे. घरकुलाची यादी, पाण्याची योजना, वस्तीतील रस्ता, स्मशानभूमीची जागा हे विषय तेथे येतात. आपल्या वस्तीतून किती माणसे जातात? त्यांतील किती बोलतात? किती भगिनी जातात? संघाचा नियम असा की ज्याला मान्य नाही त्याने बोलावे. आपण मौन राखले तर आपली संमती धरली जाते. मग बाहेर येऊन तक्रार करून काय उपयोग?

५. दीक्षेने नागरिकाचे काही जाते का?

नवदीक्षित कुटुंबांत एक भीती दबक्या आवाजात बोलली जाते. कागदावर 'बौद्ध' लिहिले तर मुलांच्या सवलती जातील काय? घरात धम्म आणि कागदावर जुना धर्म, असे दुहेरी जगणे काही जण या भीतीने पत्करतात. म्हणून ही बाब स्पष्ट समजून घ्यावी.

१९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींची जी यादी काढली, तिचा लाभ त्या वेळी हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरता ठेवला होता. १९५६ साली त्यात शीख धर्मीयांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला आपली दीक्षा झाली, आणि ज्यांनी प्रामाणिकपणे 'बौद्ध' लिहिले त्यांना केंद्राच्या सवलती नाकारल्या गेल्या. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राचे दार बंदच राहिले. ते उघडावे म्हणून निवेदने गेली, मोर्चे निघाले. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी सत्याग्रह केला, त्याच्या मागणीपत्रातही ही मागणी होती. अखेर १९९० साली संसदेने दुरुस्ती केली आणि मूळ अनुसूचित जातींतील बौद्धांना त्या यादीचा लाभ लागू झाला. दीक्षेपासून ३४ वर्षे लागली.

यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली : ज्यांचे कुटुंब मूळ अनुसूचित जातीतील आहे, त्यांनी बौद्ध म्हणून नोंद केल्याने त्यांचे अनुसूचित जातीचे हक्क जात नाहीत. म्हणून भीतीने धर्म लपविण्याचे कारण उरलेले नाही. मुलाला शाळेत घालतानाच नोंद नीट करावी, आजोबा-वडिलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि जुने महसुली कागद सांभाळून ठेवावेत. मराठवाड्यात असे जुने कागद पुष्कळदा उर्दूत असतात. भाषा कळत नाही म्हणून ते टाकून देऊ नयेत. दुसरी : हा हक्क कोणाच्या मेहेरबानीने मिळाला नाही. आपल्या आधीच्या पिढीने नागरिक म्हणून तो मागितला, आणि मिळेपर्यंत मागणे सोडले नाही. नागरिकत्व, मताधिकार आणि कलम १४ चे संरक्षण तर कोणत्याही धर्माच्या नोंदीवर अवलंबून नाहीच.

६. कागद आणि गाव

२५ नोव्हेंबर १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी देशाला सावध केले होते. राजकारणात एक माणूस-एक मत हे तत्त्व येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील. ही विसंगती लवकर मिटविली नाही तर जे विषमतेने पोळले आहेत ते लोकशाहीचा डोलाराच उडवून देतील, असा त्याचा आशय होता. राजकारणातील व्यक्तिपूजा हा अधःपाताचा मार्ग आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले.

ही विसंगती मराठवाड्याने डोळ्यांनी पाहिली आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर खेडोपाडी दलितांची घरे जाळली गेली. ठराव विधिमंडळाचा होता, कलम १७ संविधानात होते, तरीही वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

कायदा हात धरू शकतो, मन बदलू शकत नाही. त्यासाठी उद्देशिकेत बंधुता हा शब्द आहे. संविधान सभेच्या आरंभीच्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. मसुदा समितीने तो उद्देशिकेत घातला. १९५४ सालच्या एका आकाशवाणी भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत.

बंधुता फक्त आपल्या वस्तीपुरती नसते. पोलीस कारवाईनंतर, १९४८ च्या अखेरीस, पंडित सुंदरलाल यांची समिती संस्थानात फिरली. सर्वाधिक हिंसा झालेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचे नाव घेतले आहे, आणि त्या हिंसेत मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने बळी पडली. त्याआधी रझाकारांनी येथील गरिबांचा छळ केला होता. एका जुलमाला दुसऱ्या जुलमाने उत्तर दिले गेले. वैराने वैर शमत नाही, ही भगवंतांची शिकवण आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. तिची साक्ष आपल्याच मातीत आहे. त्या रक्तपातानंतर जे संविधान आले, त्याने मारणाऱ्याच्या आणि मार खाणाऱ्याच्या मुलांना एकाच शब्दाने हाक मारली : नागरिक. ज्याला गावाने पाणी नाकारले त्याने दुसऱ्याचे पाणी तोडू नये. ही नागरिकाची आणि उपासकाची एकच कसोटी आहे.

७. घरी काय करावे?

हार घालून आणि फोटो काढून २६ नोव्हेंबर संपू नये. त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने पुढील कामे करावीत.

सायंकाळी वंदनेनंतर घरातील लहान मुलाकडून उद्देशिका मोठ्याने वाचून घ्यावी. ज्या आजी-आजोबांना वाचता येत नाही त्यांना प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याच मुलाने सांगावा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली माझी पहिलीच पिढी. वाचणारा एक जण घरात आला की साऱ्या घराला वाचता येते, हा अनुभवाचा बोल आहे.

१८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींची आणि लग्न होऊन आलेल्या सुनेची नावे मतदार यादीत आहेत का, ते पाहावे.

पुढच्या ग्रामसभेत मांडावयाचा वस्तीचा एक प्रश्न ठरवून, लिहून ठेवावा. मांडण्याचे काम एखाद्या भगिनीकडे द्यावे.

आणि शेवटी पुढील प्रश्न एकमेकांना विचारावेत.

(१) कलम ३९४ प्रमाणे २६ नोव्हेंबर १९४९ लाच कोणती कलमे लागू झाली? ती आधी का लागू केली असावीत?

(२) २३ नोव्हेंबर १९४९ ला आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने काय घडले?

(३) वतन आणि नोकरी यांत फरक काय?

(४) भिक्खू संघाच्या सभेतील कोणते नियम आपल्या ग्रामसभेत दिसतात? कोणते दिसावयास हवेत?

(५) आपल्या गावात कलम १५ आणि १७ कोठे पाळले जातात आणि कोठे मोडले जातात? पाणवठा, हॉटेल, मंदिर, शाळा, स्मशानभूमी यांचा एकेक करून विचार करा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. ते गावात फिरून लिहावे लागेल. जे मोडले जाते ते आढळले तर तारखेसह वहीत नोंदवा, आणि पुढच्या ग्रामसभेत ती वही बरोबर न्या.

जयभीम!